विश्लेषण : बिडकीनला कारखाने येतील, पुढची तीस वर्षे कोण पाहणार?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर बिडकीन लागते. आजूबाजूला कापूस, तूर, मोसंबीच्या बागा. याच शिवारात गेल्या काही वर्षांत रुंद काँक्रीटचे रस्ते, जमिनीखालून नेलेल्या वीज-पाण्याच्या वाहिन्या आणि उपकेंद्रे उभी राहिली. २०२४ मध्ये मोठ्या गुंतवणुकीच्या घोषणा एकापाठोपाठ एक झाल्या आणि पैठण तालुक्यात पारावरच्या गप्पांचा विषय पावसावरून जमिनीच्या एकरी भावावर गेला.

मोठा कारखाना तीन-चार वर्षांत उभा राहतो. पण त्याला दुष्काळी वर्षात पाणी मिळेल का, त्याचे सुटे भाग कोण बनवणार, कामगार राहणार कुठे आणि ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या मुलांना त्यात कोणती जागा मिळणार, या गोष्टी जमून यायला वीस-तीस वर्षे जातात. आधी कारखाने आणले आणि बाकीचे पुढे बघू म्हटले, तर काय होते, हे याच शहराच्या पश्चिमेला असलेल्या वाळूजमध्ये पाहता येते.

‘ऑरिक’ म्हणजे नेमके काय?

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधील हे महाराष्ट्रातले औद्योगिक शहर. त्याचे दोन तुकडे आहेत. एक शहराच्या पूर्वेला जालना रस्त्यावर शेंद्रा येथे, सुमारे दोन हजार एकरांचा. दुसरा दक्षिणेला बिडकीन येथे, ७,८५५ एकरांचा. यासाठी स्थापन केलेल्या कंपनीत राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचा (एमआयडीसी) वाटा ५१ टक्के आणि केंद्राच्या बाजूचा ४९ टक्के आहे. शेंद्रा येथील ‘ऑरिक हॉल’चे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे करण्यात आले. बिडकीनच्या तीन टप्प्यांतील पायाभूत कामांसाठी ६,४०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाला मंजुरी आहे.

जुन्या एमआयडीसीत आधी भूखंड दिले जात आणि मग रस्ते, दिवे, सांडपाणी यांच्यासाठी उद्योजक खेटे घालत. येथे क्रम उलटा आहे. सुविधा आधी, भूखंड नंतर. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र या सुविधा भूखंडाच्या हद्दीपर्यंतच आहेत. हद्दीपलीकडच्या गावांचे काय, हा या सगळ्या आराखड्यातला सर्वांत पातळ भाग आहे.

करार झाला म्हणजे कारखाना आला का?

नाही. सामंजस्य करार म्हणजे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम, साखरपुडासुद्धा नव्हे. त्यानंतर सवलतींसाठी मंत्रिमंडळ उपसमितीची मंजुरी, भूखंडाचे वाटप आणि पैशांचा भरणा, नकाशे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती, बांधकाम, यंत्रे, चाचणी उत्पादन आणि पुन्हा मंडळाची उत्पादनाची संमती असा रस्ता असतो. यातल्या कोणत्याही वळणावर कंपनी थांबू शकते. त्यामुळे बातमीतला कोटींचा आकडा वाचताना प्रकल्प यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, हे आधी पाहावे.

टोयोटा किर्लोस्कर मोटरने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारशी करार केला. सुमारे २० हजार कोटींची गुंतवणूक, वर्षाला चार लाख वाहनांची क्षमता आणि आठ हजार थेट रोजगार, असे तेव्हा जाहीर झाले. त्यासाठी बिडकीनमध्ये आठशेहून अधिक एकर जमीन लागणार आहे, म्हणजे एकूण क्षेत्राचा साधारण दहावा हिस्सा एकाच कंपनीसाठी. विद्युत दुचाकी बनवणारी एथर, वंगण आणि इंधनातील रसायने बनवणारी लुब्रिझॉल, जेएसडब्ल्यूचा विद्युत वाहन प्रकल्प ही नावेही याच काळातली.

२० हजार कोटींना आठ हजार रोजगारांनी भागले तर एका थेट नोकरीमागे अडीच कोटी रुपयांची गुंतवणूक येते. आजचा मोटारींचा कारखाना असाच असतो. वेल्डिंग आणि रंगकाम बरेचसे रोबो करतात. म्हणून मुख्य कारखान्याच्या फाटकावर किती जणांना काम मिळेल, यावर परिसराचे भवितव्य ठरत नाही. ते ठरते त्याला माल पुरवणारे कारखाने कुठे उभे राहतात यावर. सुटे भाग चाकण किंवा चेन्नईहून ट्रकने येऊ लागले, तर बिडकीनच्या वाट्याला जुळवणीचे काम आणि वाहतुकीची कोंडी एवढेच उरेल.

वाळूजमध्ये चाळीस वर्षांत काय घडले?

एमआयडीसीची स्थापना १९६२ची. औरंगाबादेत आधी रेल्वे स्टेशनजवळ, मग चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत झाली. हिमरू आणि लेण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराचा नूर खऱ्या अर्थाने बदलला तो १९८५ मध्ये, बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला तेव्हा. पुण्याच्या आकुर्डीनंतर कंपनीने मराठवाडा निवडला. त्यामागे मागास भागात जाणाऱ्या उद्योगांना मिळणाऱ्या सवलतींचा मोठा वाटा होता. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून हेच काम करत आली आहे.

स्कूटरला शेकडो सुटे भाग लागतात. ते रोज पुण्याहून आणणे परवडणारे नव्हते. त्यातून वाळूजला प्रेस शॉप, रबर, प्लॅस्टिक, ॲल्युमिनियमचे डाय कास्टिंग, मशिनिंग अशी कामे करणारे कारखाने आले. एंड्युरन्स आणि व्हॅरॉक या आज परदेशातही कारखाने असलेल्या सुट्या भागांच्या कंपन्यांची सुरुवात याच काळात याच भागातली. त्यांचे संस्थापक बजाज कुटुंबाचे जवळचे नातलग होते, हेही लक्षात ठेवावे; शून्यातून उभे राहिल्याची गोष्ट सांगायला ही उदाहरणे फारशी योग्य नाहीत. पण त्यांच्या खालच्या फळीत असंख्य लहान उद्योजक तयार झाले. नोकरीत दहा वर्षे काढून एक लेथ घेतलेला फोरमन, भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क सुरू केलेला डिप्लोमा झालेला मुलगा, बायकोचे दागिने ठेवून पहिले सीएनसी मशीन आणणारा टर्नर. वाळूजची खरी कमाई ही दुसरी-तिसरी फळी आहे. ती कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती. सुमारे पंधरा वर्षांत ती हळूहळू घडली.

तिला आधार देणाऱ्या संस्थाही सावकाश आल्या. जर्मनीच्या मदतीने उभारलेले चिकलठाण्याचे इंडो-जर्मन टूल रूम, वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर, ‘सीएमआयए’ आणि ‘मसिआ’ या उद्योजकांच्या संघटना. २००१ मध्ये स्कोडा शेंद्र्याला आली, तेव्हा मोटारींच्या कामाला लागणारे कुशल हात शहरात तयार होते.

वाळूजची दुसरी बाजूही आहे. कामगार बीड, जालना, परभणी आणि पुढे बिहार, उत्तर प्रदेशातून आले. त्यांच्या घरांचा विचार औद्योगिक वसाहतीच्या नकाशात जेमतेमच होता. सिडकोने वाळूज महानगर आखले, पण वाढ त्याच्या आधी आणि बाहेर झाली. रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी या गावांत शेतकऱ्यांनी गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली, ओळीने भाड्याच्या खोल्या काढल्या. २०११ च्या जनगणनेत ही गावे शहरी म्हणून मोजली गेली. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. हजारो भाडेकरूंची वस्ती आणि तिला पाणी, गटार, कचरा, शाळा पुरवणार कोण, तर काही कर्मचाऱ्यांवर चालणारी ग्रामपंचायत. उन्हाळ्यात टँकर ही तिथली जुनी ओळख.

आणखी एक खूण बिडकीनला जाताना वाटेतच दिसते. पैठण रस्त्यावरचे चितेगाव एके काळी व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे ओळखले जाई. २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. एका मोठ्या कारखान्याच्या आधाराने खानावळी, खोल्या, रिक्षा, जॉबवर्क असे सगळे उभे राहते आणि तो कारखाना आडवा झाला की त्यांना उभे राहायला दुसरा आधार नसतो. बिडकीनपासून हे गाव हाकेच्या अंतरावर आहे.

पाणी पुरेल का?

मराठवाड्यातील प्रत्येक औद्योगिक आराखडा शेवटी जायकवाडीपाशी येऊन थांबतो. पैठणच्या या धरणाची एकूण क्षमता १०२.७३ टीएमसी. त्यातील सुमारे २६ टीएमसी मृत साठा वगळता ७६.६५ टीएमसी पाणी वापरता येते. धरणाचे लोकार्पण १९७६ चे. ते बांधले शेतीसाठी. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, परभणीच्या दिशेने जाणारा, तर उजवा १३२ किलोमीटर, बीडच्या बाजूचा. पुढे संभाजीनगर, जालना ही शहरे, औद्योगिक वसाहती आणि अनेक गावांच्या योजना याच पाण्यावर आल्या. त्यातच नाथसागर उथळ आणि पसरट असल्याने बाष्पीभवनातही बरेच पाणी जाते.

सरासरीने हिशेब केला तर उद्योगांना लागणारे पाणी शेतीच्या तुलनेत थोडे आहे. अधिकारी आणि उद्योजक दोघेही हेच सांगतात आणि ते चूक नाही. अडचण अशी की जायकवाडीच्या वाट्याला सरासरी वर्ष क्वचित येते. काही वर्षे धरण भरून दरवाजे उघडावे लागतात, काही वर्षे ते तळ गाठते. वरच्या बाजूला नाशिक-अहिल्यानगर भागात धरणे झाली, त्यामुळे चांगला पाऊस होऊनही पाणी खाली येईलच असे नाही. या वादावर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विचार व्हावा, हे त्याचे सूत्र. २०२३ मध्ये या सूत्रानुसार ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा नाशिक-नगरमध्ये विरोध आणि मराठवाड्यात ‘पाणी लवकर सोडा’ म्हणून आंदोलने, असे दोन्ही एकाच वेळी झाले.

२०१६ चा उन्हाळा उद्योजक विसरलेले नाहीत. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले ते हे वर्ष. जायकवाडीत उपयुक्त साठा उरला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलमध्ये मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यात २५ टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. राज्याच्या जलनीतीत २००३ मध्ये पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांचा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेती दुसऱ्या आणि उद्योग तिसऱ्या स्थानी आले. म्हणजे टंचाईत पहिली कात्री उद्योगांवर चालणार हे ठरलेले आहे. तीस वर्षांसाठी येणाऱ्या कंपनीला तीस वर्षांत असे उन्हाळे एकापेक्षा जास्त वेळा पाहावे लागतील.

म्हणून बिडकीनचा आराखडा २०१६ सारखे वर्ष गृहीत धरूनच व्हायला हवा. त्यासाठीचे पाणी नवीन धरणातून येणार नाही. गोदावरी खोऱ्यात तेवढी जागा राहिलेली नाही. ते येऊ शकते शहराच्या सांडपाण्यातून. संभाजीनगरमधून वाहणारी खाम नदी शहराची घाण घेऊन वाळूजच्या बाजूने नाथसागराकडे जाते. ज्या जलाशयातून शहर पाणी उपसते त्याच जलाशयाकडे शहराचे सांडपाणी जाते. हे पाणी शुद्ध करून कारखान्यांना दिले, तर दोन प्रश्न एकदम हलके होतात. नागपूरने हे करून दाखवले आहे. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले १३० दशलक्ष लिटर सांडपाणी रोज कोराडी-खापरखेडा परिसरातील वीज केंद्रांसाठी देण्याची योजना तिथे राबवली गेली. पाऊस पडो न पडो, शहराचे सांडपाणी रोज येतेच.

यात राजकीय अडचणही आहे. संभाजीनगरच्या नागरिकांना अनेक दिवसांआड पाणी मिळते. नव्या पाणीपुरवठा योजनेचा खर्च १,६८० कोटींवरून सुमारे २,७४० कोटींवर गेला. एमआयडीसीची पैठणहून स्वतंत्र जलवाहिनी आहे. घरात आठवड्याने नळ येत असताना कारखान्याला रोज पाणी, हे चित्र कोणत्याही सरकारला फार काळ समर्थनीय ठरवता येणार नाही. शहराची योजना पूर्ण होणे हा त्यामुळे उद्योगांच्याही स्वार्थाचा भाग आहे.

नोकरी ‘स्थानिकांना’ मिळेल, पण स्थानिक म्हणजे कोण?

सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के, आणि पर्यवेक्षकांच्या श्रेणीत ५० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, असा राज्याचा निर्णय २००८ पासून लागू आहे. गावातल्या सभेत हा आकडा टाळ्या घेतो. पण त्या निर्णयात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. बिडकीनचा मुलगा आणि कोल्हापूरचा मुलगा या अटीपुढे सारखेच. त्यात गैर काही नाही. मात्र जमीन देणाऱ्या घराला या टक्केवारीचा वेगळा फायदा नाही, हे कोणी सांगत नाही. शिवाय ‘नोकरी’ या शब्दात कायम कामगार, ठेकेदाराकडचा कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवार हे तिघेही बसतात. तिघांच्या पगारात आणि भविष्यात मोठी तफावत असते. बाहेरच्या यादीत मात्र ते एकाच रकान्यात येतात.

टोयोटाच्या बाबतीत तुलनेसाठी उदाहरण तयार आहे. बंगळुरूजवळचे बिडदी हेही पंचवीस-तीस वर्षांपूर्वी असेच निमग्रामीण गाव. तिथे १९९९ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले आणि २००७ मध्ये कंपनीने ग्रामीण भागातील दहावी झालेल्या मुलांसाठी तीन वर्षांची निवासी तंत्रप्रशिक्षण संस्था काढली. कारखाना आधी आणि संस्था आठ वर्षांनी. बिडकीनमध्ये हा क्रम बदलता आला तर पहिल्याच भरतीत पैठण, गंगापूर, अंबडची मुले दिसतील. बिडदीतील सारेच अनुकरणीय नाही. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यातील वादात टाळेबंदी झाली होती. आणि एक फरक विसरता येत नाही. बिडदीच्या पाठीशी एचएमटीपासून घडलेले बंगळुरूचे यंत्रकौशल्य होते. बिडकीनच्या पाठीशी वाळूज आहे. ती शिदोरी कमी नाही, पण ती दुचाकीची आहे.

आयटीआयमधील फिटर, टर्नर, मशिनिस्टचे अभ्यासक्रम आजही लागतीलच. त्यांच्या जोडीला बॅटरी जोडणी, उच्च दाबाच्या विजेवरची सुरक्षितता, रोबोची देखभाल हे विषय शिकवणारे निदेशक लागतील. नवे यंत्र विकत घेता येते; ते शिकवणारा माणूस तयार व्हायला वेळ लागतो आणि सरकारी आयटीआयमधील रिक्त पदांचा प्रश्न जुना आहे.

लहान उद्योजकांचे काय होणार?

विद्युत दुचाकीत इंजिन नसते. क्लच, गिअरबॉक्स, सायलेन्सर, पिस्टन, इंधनाची टाकी नसते. वाळूजच्या अनेक गाळ्यांचे पोट नेमके याच भागांवर आहे. एथरसारखी कंपनी शेजारी येणे म्हणजे त्यांना आपोआप काम, असे समीकरण नाही. मोटारचे आवरण, वायरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, प्लॅस्टिकचे भाग, बॅटरीची पेटी ही कामे त्यांना मिळू शकतात. पण नवे साचे, नवी मोजमाप यंत्रे आणि दर्जाची प्रमाणपत्रे यांसाठी भांडवल हवे. टोयोटाची हायब्रिड मोटार इंजिनही वापरते, त्यामुळे जुन्या कौशल्याला काही काळ तरी गिऱ्हाईक राहील. हा काळ म्हणजे बदलासाठी मिळालेली मुदत समजायला हवी.

बिडकीनचा आराखडा मोठ्या भूखंडांच्या हिशेबाने भरत चालला आहे. पाच-दहा गुंठ्यांचा गाळा, भाड्याचे तयार शेड, सामायिक टूलरूम आणि तपासणी प्रयोगशाळा यांच्यासाठी जागा आत्ताच राखून ठेवली नाही, तर पुढे ती बाजारभावाने कोणालाच परवडणार नाही. सवलतींचा ओघही मोठ्यांकडे जास्त आहे. एकूण भरलेल्या करातून परतावा घेणे मोठ्या कंपनीला जमते. लहान उद्योजकाचा पहिला प्रश्न बिलाचे पैसे वेळेवर मिळण्याचा असतो. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. मुदतीत न दिल्यास ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही, ही प्राप्तिकरातील तरतूदही अलीकडे आली. मोठ्या प्रकल्पांच्या सवलती या वेळेवरच्या देण्याशी जोडल्या, तर सरकारला वेगळा पैसा खर्च करावा लागणार नाही.

जमीन देणाऱ्यांच्या हाती काय राहिले?

बिडकीन, निलजगाव, नांदलगाव या परिसरातील जमिनी एमआयडीसीने घेतल्या तेव्हा दर एकरी सुमारे २३ लाखांवर ठरला. विरोध, मोर्चे, वाटाघाटी यांतून तो तिथे पोहोचला. कोरडवाहू एकरासाठी तेव्हा ही रक्कम मोठी वाटली. चार भावांत वाटणी, मुलीचे लग्न, सावकाराचे देणे, बांधलेले घर आणि दारात गाडी, एवढ्यात ती संपायला वेळ लागत नाही. ज्यांनी लांबच्या तालुक्यात जमीन घेतली ते शेतकरी राहिले. सातबाऱ्यावर नाव नसलेला शेतमजूर, सालगडी आणि बटाईने कसणारा यांना मोबदल्याच्या यादीत जागाच नसते. काम मात्र त्यांचेही जाते.

संपादित जमिनीच्या १५ टक्के विकसित भूखंड परत देण्याचे एमआयडीसीचे धोरण आहे. कागदावर ही तरतूद चांगली आहे. प्रत्यक्षात दोन एकर दिलेल्याच्या वाट्याला जेमतेम बारा गुंठे येतात आणि त्यावर उद्योग काढायचा तर भांडवल आणि अनुभव दोन्ही लागतात. मग भूखंड विकला जातो आणि पुढची भाववाढ घेणारा दुसराच असतो. पुण्याच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि जमीन न विकता भागधारक झाले. ते पुण्याच्या वेशीवर होते, त्यांच्या जमिनीला गिऱ्हाईक दारात होते. बिडकीनला तशी स्थिती नाही. तरीही परताव्याचे लहान भूखंड एकत्र करून त्यावर भाड्याची शेड किंवा कामगारांची वसतिगृहे बांधायची आणि दरमहा भाडे वाटून घ्यायचे, एवढा धडा घेण्यासारखा आहे. ग्रामीण भागात सहकारी संस्था चालवण्याचा अनुभव महाराष्ट्राला कमी नाही. कडू-गोड दोन्ही.

कारभार कोणाचा?

औद्योगिक क्षेत्राच्या आत नियोजन आणि सेवा कंपनी पाहते. बाहेरच्या गावांत ग्रामपंचायत. त्याहून मोठ्या परिघासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. शहर महापालिकेकडे, रस्ते काही राष्ट्रीय, काही राज्य, काही जिल्हा परिषदेचे. पाणी जलसंपदा विभागाचे. कामगाराची खोली निलजगावात, कारखाना ऑरिकमध्ये, मुलाची शाळा जिल्हा परिषदेची आणि दवाखाना शहरात असेल, तर त्याच्या अडचणीला एकच दार नसते. राज्यघटनेच्या २४३ क्यू कलमात औद्योगिक नगरीला नगरपालिकेशिवाय ठेवण्याची सोय आहे; पण मतदार राहतात ते शेजारच्या गावात. बिडकीन आणि आसपासच्या गावांना एकत्र करून वेळेवर नगरपंचायत करायची की वाळूजसारखे चाळीस वर्षे ग्रामपंचायतीवर ढकलायचे, हा निर्णय लोकसंख्या वाढण्याआधी घ्यावा लागतो. गुंठेवारी झाल्यावर रस्त्याला जागा सुटत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करता आली, रुंद रस्ते आणता आले नाहीत.

दळणवळणाची बाजू त्यामानाने बरी आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि तो संभाजीनगर-जालन्यावरून जातो. रेल्वेचे मात्र जुने दुखणे. निजामाच्या काळात १९०० मध्ये आलेली मीटरगेज ब्रॉडगेज व्हायला १९९० चे दशक उजाडले आणि मनमाडपर्यंतच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली ती २०२२ मध्ये.

पुढे काय पाहावे?

दर १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा मोजला जातो. तो आकडा बिडकीनसाठी कोणत्याही गुंतवणूक परिषदेच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. दुसरी गोष्ट लहान भूखंडांच्या जाहिरातीची. ती निघते का, निघाली तर किती गुंठ्यांची आणि कोणत्या दराने. तिसरी, पैठण आणि परिसरातील आयटीआयमध्ये नव्या तुकड्या कधी सुरू होतात. बिडकीनच्या जिल्हा परिषद शाळेत आज सातवीत असलेली मुले आणखी तीन वर्षांनी दहावी होतील, त्यानंतर दोन-तीन वर्षे प्रशिक्षण. जाहीर झालेले कारखाने ठरल्याप्रमाणे उभे राहिले, तर ते पूर्ण क्षमतेने चालू होण्याची वेळ आणि या मुलांनी काम मागायला दारात उभे राहण्याची वेळ साधारण एकच असेल.